दिसण्याची भीती : बालपणीचे घाव आणि आपलं आरोग्य

वस्तीतल्या आरोग्य शिबिरात आम्हाला एक गोष्ट नेहमी दिसते. बाया नाव नोंदवतात, रांगेत उभ्या राहतात आणि आपला नंबर जवळ आला की काही जणी हळूच निघून जातात. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. गॅसवर भात ठेवलाय, पाणी यायची वेळ झाली, पोरगं शाळेतून येईल. पाणी खरंच येणार असतं, भातही खरा असतो. पण त्यांतल्या काही जणींचं खरं कारण वेगळं असतं. कोणी आपल्याकडे नीट निरखून बघावं, आपल्या अंगाला हात लावावा, चार प्रश्न विचारावेत, हेच त्यांना सोसत नाही.

या पानावर आपण साखर, रक्तदाब, पाळीच्या तक्रारी यांवर बोलत असतो. आज या भीतीवर बोलू. हिला आम्ही दिसण्याची भीती म्हणतो. हा काही पुस्तकातला आजार नाही, पण हिच्यापायी आजार लपतात, वाढतात आणि उशिरा सापडतात. पुष्कळदा या भीतीचं मूळ लहानपणी बसलेल्या घावात असतं.

भीती ओळखायची कशी?

आपल्याकडे अशा माणसाला लाजाळू, घुमी, बुजरा, एककल्ली म्हणून सोडून देतात. लाजाळू असणं हा स्वभाव आहे, त्यात काही बिघडलेलं नाही. लाजाळू माणूस ओळख झाली की खुलतो. दिसण्याची भीती असलेला माणूस ओळख वाढली की उलट जास्त घाबरतो, कारण आता आपण 'कळून जाऊ' असं त्याला वाटतं.

पुढच्या गोष्टी पाहा. नजरेला नजर देववत नाही. फोटोत मागे उभं राहायचं किंवा फोटो काढायचाच नाही. गाळ्यात काम उत्तम येतं, पण शेठने सगळ्यांसमोर कौतुक केलं की पोटात गोळा येतो. उत्तर माहीत असूनही वर्गात हात वर होत नाही. रेशनच्या किंवा बँकेच्या खिडकीपाशी घसा कोरडा पडतो आणि आपला हक्क मागायचा राहून जातो. १४ एप्रिलच्या तयारीत रात्रभर राबायचं, पण स्टेजवर नाव पुकारलं की बाथरूमला जायचं. अंगावरची गाठ, पांढरं जाणं, मूळव्याध असलं काही वर्षानुवर्षं कोणाला सांगायचं नाही. पुरुषांत हीच भीती कधी दारूच्या आडोशाला बसते, कधी विनाकारण चढणाऱ्या रागाच्या.

यातली एखादी गोष्ट प्रत्येकात सापडेल. पण यांमुळे शिक्षण, नोकरी, उपचार किंवा नाती अडत असतील, तर त्याकडे स्वभाव म्हणून न पाहता आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहायला हवं.

शरीरात काय घडतं?

मेंदूच्या आत बदामाएवढा एक भाग आहे. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका ओळखून भोंगा वाजवणं हे त्याचं काम. भोंगा वाजला की शरीरात अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं सुटतात. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, तोंड सुकतं, पोट ढवळतं. शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं. लढणं-पळणं दोन्ही शक्य नसेल, तर ते गोठून जातं. आवाज फुटत नाही, हात हलत नाही.

लहान मूल मोठ्या माणसाशी लढू शकत नाही आणि घर सोडून पळूही शकत नाही. त्याच्याजवळ एकच उपाय उरतो. नजरेआड राहायचं. बाप दारू पिऊन आला की कोपऱ्यात गप्प पडायचं. वर्गात गुरुजींचं लक्ष गेलं की अपमान होतो, म्हणून मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचं. नात्यातल्या एखाद्याची नजर घाण आहे, म्हणून अंग चोरायचं. तो धोका खरा होता आणि त्या वयात हा उपाय शहाणपणाचा होता. त्यानेच ते मूल तगलं.

अडचण पुढे येते. दिसलं की मार बसतो, हा धडा मेंदू पक्का करून ठेवतो. माणूस ३० वर्षांचा झाला, मारणारा मेला, गाव सुटलं, विरारच्या चाळीत संसार उभा राहिला, तरी कोणी रोखून पाहिलं की भोंगा वाजतोच. समोर डॉक्टर आहे की मारकुटा बाप, हे मन समजून घेईपर्यंत शरीर घाबरून मोकळं झालेलं असतं. म्हणून 'घाबरू नकोस' असं सांगून ही भीती जात नाही. ती भित्रेपणातून आलेली नाही, ती शरीराच्या आठवणीत बसलेली आहे.

अशा घावांचा परिणाम मनापुरता राहत नाही. अमेरिकेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १९९८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे त्यात १७ हजारांहून अधिक प्रौढ माणसं सामील झाली. लहानपणी मारहाण झाली का, लैंगिक अत्याचार झाला का, आईला मार खाताना पाहिलं का, घरात कोणी व्यसनी होतं का, असे प्रश्न विचारले होते. अशा घटना जितक्या जास्त, तितका पुढच्या आयुष्यात नैराश्य, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न आणि हृदयविकार यांचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. हा धोका आहे, नशिबाचा लेख नव्हे. वेळेवर आधार मिळाला तर तो कमी होतो.

त्या यादीत नसलेला घाव

त्या प्रश्नांमध्ये जातीचा अपमान नव्हता. आपल्या घरांत मात्र हा घाव घरच्या मारापेक्षा जुना आहे.

बाबासाहेबांनी आपल्या आयुष्यातले असे प्रसंग १९३०च्या दशकात इंग्रजीत लिहून ठेवले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ते लिखाण ओळखलं जातं आणि १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिका म्हणून छापलं. त्यात १९०१ सालचा प्रवास आहे. नऊ-दहा वर्षांचे भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. अंगावर नवे कपडे. स्टेशनमास्तरने आपुलकीने विचारपूस केली, आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलला. पोरांना गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतः हाकत ते निघाले आणि रात्री प्यायला पाणी मिळालं नाही. 'आपण कोण हे दिसलं की समोरचा चेहरा बदलतो', हा धडा एका लहान मुलाने त्या स्टेशनवर घेतला.

पुढे हेच बाबासाहेब परदेशात शिकून बडोद्याला नोकरीसाठी आले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात येऊन उभे राहिले आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. हा प्रसंग अठरा वर्षांनंतरही डोळ्यांसमोरून हलत नाही आणि आठवला की डोळ्यांत पाणी येतं, असं त्यांनी स्वतः नोंदवलं आहे.

ही गोष्ट आपण मुलांना नुसती अन्यायाची म्हणून सांगतो. आरोग्याच्या बाजूनेही ती पाहावी. एवढा विद्वान, एवढा झुंजार माणूस. महाडला २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसमोर चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेणारा. त्याच्याही मनात ती जुनी भीती अठरा वर्षं ताजी होती आणि त्याने ती लपवली नाही. रडू येतं असं लिहिल्याने बाबासाहेब लहान झाले नाहीत. मग आपल्याच घरातल्या एखाद्याला 'एवढं जुनं काय घेऊन बसलास' असं आपण का म्हणतो?

दुसरं उदाहरण फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं. छोटं दुकान सांभाळत, रद्दीत आलेले कागद वाचत त्यांनी लिहायला सुरुवात केली. नवऱ्याच्या भीतीने ते लिखाण जवळजवळ वीस वर्षं घरात लपवून ठेवलं. पुढे ते 'स्त्री' मासिकात आलं आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. पुस्तकात त्यांनी साऱ्या समाजाचं दुःख मांडलं, पण स्वतःला नवऱ्याकडून बसलेल्या माराबद्दल फारसं लिहिलं नाही. ते त्या बोलल्या कितीतरी वर्षांनी, इंग्रजी अनुवाद करणाऱ्या माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत. यातून आम्हाला एक गोष्ट शिकावीशी वाटते. सगळं एकदम उघड करावं लागत नाही. काय सांगायचं, कधी सांगायचं, कोणाला सांगायचं, हे ज्याचं दुःख त्याने ठरवायचं. त्यासाठी वीस वर्षं लागली तरी तो भेकडपणा ठरत नाही.

लपणं नेहमी चूक असतं का?

नाही. आपल्यातले अनेक जण घर भाड्याने घेताना आडनाव सांगायला कचरतात, ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर विषय बदलतात. तिथे धोका आजही खरा असतो. अशा ठिकाणी सांभाळून राहणं हे व्यवहारज्ञान आहे. कोणी कुठे जात सांगावी, याचा हिशेब ज्याला भाडं भरायचंय त्याला करू द्या.

म्हणून भीती वाटली की स्वतःला दोन प्रश्न विचारा. ज्याची भीती वाटते तो माणूस किंवा तो धोका आज इथे आहे का? आणि आज माझ्याजवळ असं काय आहे, जे लहानपणी नव्हतं? मोबाईल, कमाई, मैत्रीण, कायदा, दार उघडून निघून जायचे पाय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, म्हणजे मारणारा किंवा अत्याचार करणारा आजही घरात वा शेजारी असेल, तर आधी सुरक्षितता. पुढे सांगितलेला सराव त्यानंतर. उत्तर 'नाही' असेल, तर भोंगा जुना आहे आणि त्याचा आवाज हळूहळू कमी करता येतो.

पायरी-पायरीने

भीतीचा एक नियम आहे. जिच्यापासून आपण पळतो ती वाढते. रांगेतून निघून गेलं की क्षणभर हायसं वाटतं, आणि 'पळालो म्हणून वाचलो' असं मेंदू शिकतो. पुढच्या वेळी भोंगा आणखी लवकर वाजतो. उलट थोड्या भीतीत थोडा वेळ टिकून राहिलो आणि वाईट काही घडलं नाही, तर मेंदू नवा धडा घेतो. मात्र भीतीचा डोस झेपेल एवढाच हवा. पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलून पोहणं येत नाही.

पद्धत अशी. भीतीला दहापैकी मार्क द्या. तीन-चार मार्कांच्या गोष्टीपासून सुरुवात करा. ती पुन्हा पुन्हा करा. मार्क निम्म्यावर आले की वरची पायरी. आपल्या विहारात वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ग्रंथाचं वाचन होतं. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे हे तीन महिने या सरावाला फार सोयीचे आहेत.

पहिली पायरी : घरी दार लोटून एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा.
दुसरी : तोच परिच्छेद आरशासमोर, मधूनमधून स्वतःकडे पाहत.
तिसरी : एका विश्वासाच्या मैत्रिणीसमोर.
चौथी : विहारात सगळ्यांबरोबर त्रिसरण-पंचशील म्हणताना आपला आवाज आपल्याला ऐकू येईल एवढा काढायचा.
पाचवी : मागची जागा सोडून मधल्या ओळीत बसायचं.
सहावी : मेणबत्ती लावायला पुढे जायचं.
सातवी : सगळ्यांसमोर चार ओळी वाचायच्या.

एका पायरीवर महिना गेला तरी चालेल. मधे एखादा वाईट दिवस येईल, एक पायरी खाली याल. तापातून उठलेला माणूस जसा एक दिवस बरा, एक दिवस थकलेला असतो, तसंच हे आहे.

भीती चढली तर तिथल्या तिथे करायच्या गोष्टी : दोन्ही तळपाय जमिनीवर घट्ट टेका. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची मनात नावं घ्या. श्वास घेताना तीनपर्यंत, सोडताना सहापर्यंत मोजा. श्वास सावकाश सोडला की छातीची धडधड कमी व्हायला मदत होते. गार पाण्याने तोंड धुवा. स्वतःला आजची तारीख आणि आपण कुठे आहोत ते सांगा : 'आज रविवार आहे, मी नालासोपाऱ्यात आहे, समोर शेजारची ताई आहे.'

बाकीच्यांसाठी एक विनंती. कोणी गप्प बसलं असेल तर 'तू का बोलत नाहीस' म्हणून सगळ्यांसमोर माइक पुढे करू नका. बोलल्यावर टाळ्यांचा कडकडाटही नको. 'छान वाचलंस' एवढं जाताना हळू सांगितलं तरी पुष्कळ.

ध्यान करताना

आनापान आणि विपश्यनेचा आपल्यातल्या अनेकांना फायदा होतो. पण बालपणी मोठा आघात झालेल्या काही जणांना डोळे मिटून शांत बसलं की जुनी दृश्यं अंगावर येतात, घाम फुटतो, श्वास अडकतो. आपली साधना कमी पडते, असा अर्थ त्यांनी लावून घेऊ नये. अशा वेळी डोळे उघडे ठेवा, नजर जमिनीवर ठेवा. बसण्याऐवजी सावकाश चालत पावलांवर लक्ष द्या. पाच मिनिटं पुरेत. दहा दिवसांच्या शिबिराला जाण्याआधी अर्जात आपल्या मानसिक त्रासाची आणि गोळ्यांची खरी माहिती द्या. चालू गोळ्या शिबिरासाठी परस्पर बंद करू नका.

आणखी एक गोष्ट. ज्याने अत्याचार केला त्याला क्षमा कर, मैत्री ठेव, असं आपल्याकडे चटकन सांगितलं जातं. त्यासाठी पूर्ण भिक्खूची कथा पुढे करतात. पूर्ण हा सुनापरांताचा, आणि परंपरेने त्याचं नातं आपल्याच सोपाऱ्याशी, जुन्या शूर्पारकाशी जोडलेलं आहे. तिथले लोक शिव्या देतील, मारतील, तर काय करशील, असं तथागतांनी विचारलं, आणि तरी मी शांत राहीन, असं तो म्हणाला. पण पूर्ण हा जाणता पुरुष होता. धोका ओळखून, स्वतःच्या निर्णयाने तो तिथे निघाला होता. मार खाणाऱ्या सात वर्षांच्या पोराने काहीच निवडलेलं नसतं. भिक्खुसंघातही दोष घडला तर तो संघासमोर मांडायची रीत होती. मनात द्वेष न ठेवणं वेगळं आणि गुन्हा झाकणं वेगळं.

बरं होऊ पाहणाऱ्यासाठी आम्हाला पटाचारेची कथा जास्त जवळची वाटते. नवरा, दोन मुलं, आईबाप, भाऊ सगळे गेले आणि ती भान हरपून उघडी फिरू लागली. लोक तिला वेडी म्हणून हाकलत, ढेकळं मारत. तथागतांच्या सभेत ती आली तेव्हाही लोकांनी अडवलं. तथागतांनी तिला येऊ दिलं, भगिनी म्हणून हाक मारून भानावर यायला सांगितलं. तिला उघडेपणाची जाणीव झाली तेव्हा एकाने आपलं उपरणं तिच्याकडे टाकलं. उपदेश त्यानंतर झाला. आधी पांघरूण, मग प्रश्न, हा क्रम आम्हा परिचारिकांनाही शिकण्यासारखा आहे. ती पुढे भिक्खुणींमध्ये विनयाची सर्वांत मोठी जाणकार ठरली.

दवाखान्यात जाताना

तपासणीची भीती असेल तर हे हक्क लक्षात ठेवा. पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री रुग्णाजवळ दुसरी स्त्री हजर असावी. पडदा ओढून घ्यायला सांगता येतं. आत काय करणार हे आधी विचारता येतं, आणि मधेच 'थांबा' म्हणता येतं. सगळी कहाणी सांगायची गरज नाही. एवढं वाक्य पुरेसं आहे : 'मला तपासणीची फार भीती वाटते. हात लावण्याआधी सांगाल का?' हे वाक्य चिठ्ठीवर लिहून दाखवलं तरी चालतं.

गर्भाशयाच्या मुखाची तपासणी, स्तनातली गाठ, दातांचं दुखणं, बाळंतपणाआधीच्या तपासण्या या गोष्टी भीतीपायी सर्वांत जास्त लांबतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग सुरुवातीला कळला तर बरा होतो. म्हणून पायऱ्यांच्या यादीत दवाखानाही घाला. पहिल्या दिवशी नुसतं दारापर्यंत जाऊन या. दुसऱ्या खेपेला केसपेपर काढा. सोबत मैत्रीण न्या.

झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या घेऊ नका. त्यांची सवय लागते आणि जुना आघात त्यांनी बरा होत नाही. अशा त्रासावर आघात समजून घेणारी बोलण्याची उपचारपद्धती आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही तीच सुचवली आहे. गरज असेल तिथे मानसोपचारतज्ज्ञ औषधं देतात.

समुपदेशकाकडे गेल्यावर पहिलाच प्रश्न आपण विचारा : 'मी सांगितलेलं कुठे-कुठे जातं?' चांगला समुपदेशक याचं सरळ उत्तर देतो. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. जातीच्या अनुभवावर बोलताना समोरचा 'आता कुठे जात उरलीय' म्हणाला, तर तज्ज्ञ बदला. त्यात आपला दोष नाही.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्या आत एकात एक करंडक आणि सर्वांत आत मातीच्या भांड्याचे तुकडे. भगवंतांच्या भिक्षापात्राचे मानलेले. फुटकी वस्तूही कुणीतरी इतकी जपली होती. आपलं मोडलेलं आत कुठे ठेवलंय ते असंच जपून, ज्याचा हात हलका आहे त्याच्याजवळच उघडावं.

आज जे मूल गप्प आहे

मोठ्यांचे जुने घाव भरत असतानाच नवे घाव होऊ नयेत, हे आपल्या हातात आहे. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. त्यात ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी लैंगिक अत्याचाराचा एक ना एक प्रकार सोसल्याचं सांगितलं. मुलग्यांचं प्रमाण मुलींइतकंच होतं. बहुतेकांनी ते घरी कोणालाच सांगितलं नव्हतं.

का सांगत नाहीत? दहा बाय दहाच्या खोलीत सांगायला आडोसा नाही, हे एक. सांगितलं तर मार आपल्यालाच बसेल, हे दुसरं. आणि तिसरं आपण मोठ्यांनी केलेलं : 'गप्प बस, समाजाची बदनामी होईल. आधीच लोक आपल्याला नावं ठेवतात.' हे वाक्य आम्ही आपल्याच वस्त्यांत अनेकदा ऐकलं आहे. आमचं स्पष्ट म्हणणं आहे की समाजाची अब्रू लेकराच्या तोंडावर हात ठेवून राखली जात नाही. बाबासाहेबांनी घाव उघड मांडले म्हणून चळवळ उभी राहिली. घाव बाहेरच्याने केला तर बोलायचं आणि घरच्याने केला तर झाकायचं, हे त्यांच्या वाटेत बसत नाही.

मूल सांगू लागलं तर चार गोष्टी करा. ऐकून घ्या, मधे ओरडू नका. 'तुझी चूक नाही, सांगितलंस ते बरं केलंस' असं म्हणा. तीच कहाणी पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यासमोर मुलाला उभं करू नका. लगेच मदत घ्या. २०१२च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशी घटना कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. नाव, फोटो, पत्ता छापता येत नाही. तो मोबाईलच्या ग्रुपवरही फिरवू नका.

मदत कुठे मिळेल?

टेलिमानस : १४४१६. मानसिक त्रासासाठी सरकारची मोफत फोनसेवा, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. घरात बोलता येत नसेल तर कामावरून किंवा मैत्रिणीच्या घरून फोन करा.
मुलांसाठी : १०९८.
महिलांसाठी : १८१. तातडीच्या धोक्यात : ११२.
प्रत्यक्ष उपचारासाठी ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मुंबईत परळचं केईएम आणि मुंबई सेंट्रलचं नायर ही महापालिकेची रुग्णालयं आहेत, तिथे मानसोपचार विभाग आहे. सकाळची विरार लोकल आणि एक खाडा लागतो. केसपेपर जपून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला पहिल्यापासून सांगावं लागत नाही.
जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर पायऱ्या-बियऱ्या बाजूला ठेवून आजच फोन करा आणि आज रात्री एकटे राहू नका.

शेवटी विहार समित्यांना आणि महिला मंडळांना एक सूचना. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी तासभर विहाराचं दार अशा बोलण्यासाठी मोकळं ठेवा. हजेरी नको, फोटो नको, भाषण नको. ऐकलेलं बाहेर जाणार नाही, एवढी एक शिस्त ठेवा. ज्यांना बोलायचंय ते बोलतील, बाकीचे नुसते बसतील. तेही बरं होण्याचंच काम आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.